घरच्याचं ऐकणं धरत नाहीत

अहो, ऐकताय ना? बघा, सवय कशी असते. तुम्हाला हाक मारायची तर 'अहो' आलं, आणि 'अहो' आलं की मागोमाग 'ऐकताय ना' आलंच. जन्मभर ऐकायचं काम माझं होतं आणि विचारायची वेळही माझ्यावरच.

बुधवारी तुम्ही गेलात. रेल्वेच्या पार्सल ऑफिसात टेबलाशी बसल्या बसल्या छातीत कळ आली म्हणे, पाणी मागितलंत, आणि ते येईपर्यंतसुद्धा थांबला नाहीत. घाई तुमच्या स्वभावात कधी नव्हती. बाजारातून कोथिंबीर आणायला सांगितली तर ती येईपर्यंत आमटी निवायची. या एकाच बाबतीत एवढी घाई कुठून आली, हे मला कुणी सांगेल का?

घर भरलेलं आहे. माणसं बसायला येतात. सतरंजीवर दाटीवाटीनं बसतात, खाली बघतात, उसासा टाकतात, आणि उठताना जो तो एकच वाक्य बोलतो. समोरच्या नरसम्माबाई, तुमच्या ऑफिसातले हमाल, कोपऱ्यावरचा पिठाच्या गिरणीवाला, सगळे. "वैनी, सायबांचं वाजवणं एकदा ऐकायचं राहिलंच की वो." मी मान हलवते. काय करणार, दारात आलेल्या माणसाला बोलता येत नाही. पण आतून असा संताप होतो की हातातलं भांडं फेकून द्यावं. राहिलं म्हणजे काय? हा माणूस इतकी वर्षं तुमच्याच गल्लीत राहत होता ना? 'या हो एकदा क्लबात, बसा घटकाभर' म्हणून तुमच्या मागं लागत होता ना? तेव्हा कुणाची मिलमध्ये पाळी होती, कुणाच्या घरी पाहुणे होते, कुणाचं दळण राहिलं होतं. आता मात्र सगळ्यांना वेळ आहे.

तुमचा तो पियानो! तुमचे वडील मडमेच्या बंगल्यावर माळीकाम करायचे आणि तिनं तुम्हाला लहानपणी स्टुलावर बसवून शिकवलं, ही गोष्ट मी इतक्यांदा ऐकली आहे की ती मडम मला माझीच आत्या वाटते. विलायतेला परत जाताना ती पियानो रेल्वे लाइन्स वसाहतीतल्या क्लबाला देऊन गेली. तुम्ही नोकरीला लागलात तेही रेल्वेतच. लोक म्हणायचे, योगायोग. मला विचाराल तर तुम्ही त्या पियानोच्या मागंमागंच आलात.

आमच्याकडे माढ्याला स्थळ सांगायला आलेल्या मध्यस्थाला पियानो म्हणजे काय हे कुठून ठाऊक असणार? त्यानं आबांना सांगितलं, मुलगा पेटी वाजवतो. आबा म्हणजे भजनात बुडालेला माणूस. जावई पेटीवाला म्हटल्यावर त्यांनी बाकी काही विचारलंच नाही. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी सगळं गाव जमवलं, टाळकरी बसवले, आणि तुमच्यापुढं पेटी ठेवली. आठवतंय? तुम्ही मांडी घातलीत, बाह्या सारल्यात, आणि दोन्ही हात पट्ट्यांवर ठेवून वाजवायला सुरुवात केलीत. दोन्ही हात! बोटं नुसती पळत होती आणि पेटीतून चकार शब्द नाही. टाळकरी एकमेकांकडं बघायला लागले. मग आबा म्हणाले, "जावईबापू, भाता कोन मारायचा? आमी?"

हसून हसून लोक आडवे झाले. पियानोला वारा लागत नाही, त्याला दोन्ही हात मोकळे असतात, हे त्यांना माहीत नव्हतं. पेटीचा एक हात पाठीमागं भात्यावर अडकलेला असतो, हे तुम्ही विसरला होता. तुमचे कान लाल झालेले मला पदराआडून दिसले. मला ते बघवेना. मी तशीच नव्या शालूत सरकत पुढं आले, पेटीच्या पलीकडं तुमच्यासमोर बसले आणि भात्याला हात घातला. बायका तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. आणि पेटी वाजली. दोन्ही हातांची पेटी त्या गावानं पहिल्यांदाच ऐकली.

निघताना आबांनी ती पेटीच बांधून दिली. म्हणाले, "दोघं मिळून एक मानूस हायसा. दोघांनी मिळूनच वाजवा." माझे मामा तर शेवटपर्यंत तुम्हाला 'मुक्या पेटीचे जावई' म्हणत. तुम्ही हसायचा, पण तुम्हाला ते लागायचं. मला कळत होतं.

तेव्हापासून संध्याकाळी दिवेलागण झाली की तुम्ही एका बाजूला, मी दुसऱ्या बाजूला, मध्ये पेटी. क्लबाची किल्ली रविवारीच मिळायची, मग बाकीचे दिवस बोटांना वळण राहावं म्हणून ही सोय. मूलबाळ नाही, घरात आपण दोघंच, कोण हसणार? मडमेनं शिकवलेल्या त्या उड्या मारणाऱ्या चाली तुम्ही वाजवायचा, मग माझ्यासाठी आबांच्या भजनातली एखादी. पेटी जुनी झाली तशी मधली एक पांढरी पट्टी बिघडली. दाबली की दाबलेलीच राहायची, वर यायची नाही. सूर आपला बोंबलत बसायचा. वाजवता वाजवता तुम्ही ती नखानं उचलायचा. मी कितीदा म्हटलं, कारागिराला दाखवा. तुम्ही म्हणायचा, "राहू दे गं, तिला एकटीलाच लांब राहायची हौस आहे."

आपलं भांडणही तिथूनच सुरू व्हायचं. मी म्हणायचे, काय तो तुमचा पियानो! सूर मारला की मेला. पेटीला बघा, हात चालतोय तोवर सूर जिवंत. तुम्ही म्हणायचा, "मरतो म्हणूनच कान देऊन ऐकावा लागतो, विमल. तेवढ्यासाठी तर माणसं पाहिजेत समोर." माणसं पाहिजेत! सगळं गाडं तिथंच येऊन अडायचं. मी म्हणायचे, मी आहे की समोर. आणि तुम्ही अगदी सहज, चहात साखर कमी आहे म्हणावं तसं म्हणायचा, "तू घरची. घरच्याचं ऐकणं धरत नाहीत."

धरत नाहीत. का हो धरत नाहीत? रविवारी दुपारी क्लबाच्या रिकाम्या हॉलमध्ये तुम्ही माझ्याकडून खुर्च्या मांडून घ्यायचा, ओळीत, सरळ. कार्यक्रम असल्यासारख्या. मग मला म्हणायचा, जा, शेवटच्या ओळीत बस, तिथवर पोचतं का सांग. मी मेथीची जुडी घेऊन शेवटच्या ओळीत बसायचे. मध्ये सगळ्या रिकाम्या खुर्च्या आणि पलीकडं तुमची पाठ. संपलं की तुम्ही मागं वळून विचारायचा, "पोचलं?" मी म्हणायचे, पोचलं. कधी कधी माझे डोळे भरलेले असायचे. तुम्हाला ते लांबून दिसायचे नाहीत आणि जवळ आल्यावर मी पुसलेले असायचे. ते धरलं नाहीत तुम्ही. मग पोचलं कुणाला?

किती खटपटी केल्यात! गणपतीच्या मंडळाला म्हणालात, एक दिवस माझा कार्यक्रम ठेवा. पोरं म्हणाली, ठेवतो की काका, आणा तुमची पेटी मांडवात. तुम्ही म्हणालात, ती उचलायला दहा माणसं लागतील, त्यापेक्षा मंडळानंच क्लबात यावं. तर त्यांचा अध्यक्ष म्हणतो कसा, "म्हंजे गनपतीनं तुमच्या पेटीकडं यायचं व्हय?" गल्लीत महिनाभर तोच विनोद चालला होता.

मग दुष्काळ आला. क्लबाच्या हॉलमध्ये मिलोची, त्या तांबड्या परदेशी ज्वारीची, पोती येऊन पडली. लोकांच्या पोटाचा प्रश्न, तिथं पियानोचं कोण बघणार? तुम्हीही त्याबद्दल कधी ब्र काढला नाहीत. पण पोती हलली तेव्हा कळलं की उंदरांनी पियानोच्या आत संसार थाटलाय. आत तारांवर पडणाऱ्या हातोड्यांवरचा जाड लोकरीचा नमदा त्यांनी कुरतडून नेला होता. निम्म्या पट्ट्या दाबल्या तर लाकडाचा खट्ट आवाज, बस्स. तुम्ही घरी येऊन भिंतीकडं तोंड करून निजलात. दुसऱ्या दिवशी मीच टांगेवाल्या मौलाभाईंना गाठलं. घोड्याच्या खोगिराखाली घालायचा जुना नमदा आहे का म्हटलं. ते म्हणाले, "घोडे का नमदा बाजे कू? भाभी, सायब की तबियत तो ठीक है ना?" पण दिला. पावसाळाभर आपण दोघं सरस लावून एकेक हातोडा मढवत बसलो. पहिली पट्टी नीट वाजली तेव्हा तुम्ही म्हणालात, "घोडा खिंकाळला." किती हसलो होतो आपण. त्या दिवसासाठी मी देवाची ऋणी आहे, बाकी कशासाठी असेन नसेन.

आणि एवढं करून काय मिळालं? क्लबाच्या वर्षाच्या जेवणाला तुम्हाला वाजवायला सांगितलं. तुम्ही नवा कोट शिवलात. मी कुठं बघावं आणि कुठं नको, अशी गत. तुम्ही वाजवत होता आणि माणसं पानावर बसली होती. वाढप्यांची पळापळ, 'जिलबी इकडं आणा की' म्हणून ओरडा. कुणा साहेबानं भज्यांची बशी आणून पियानोवर ठेवली, तुमच्याशी हसला, आणि तिथंच उभा राहून खाऊ लागला. थोड्या वेळानं सेक्रेटरी येऊन तुमच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "बास आता, हाऊजीच्या खेळाचे नंबर सांगायचे हायत." तुम्ही लगेच हात काढून घेतलेत. झाकण लावलंत. बशी उचलून नीट बाजूला ठेवलीत, सांडू नये म्हणून. मला त्या बशीचा राग अजून गिळता येत नाही.

घरी आल्यावर कोट काढलात आणि म्हणालात, "पेटी काढ." भाता मारताना मी म्हटलं, मी ऐकलं सगळं, पहिल्यापासून. तुम्ही म्हणालात, "तुझं काय गं."

या महिन्यात सेक्रेटरींनी सांगितलं, पियानो विकायचा ठरलाय, तिथं टेबल-टेनिस येणार. तुमचा चेहरा बघून त्यांनाच वाईट वाटलं असावं. म्हणाले, रविवारी संध्याकाळी हॉल घ्या, तासभर, तुमच्या एकट्याचा. जेवण नाही, हाऊजी नाही. माणसं मात्र तुमची तुम्ही गोळा करा.

तुम्ही तर हातपायच गाळलेत. कोण येणार, म्हणालात. मी म्हटलं, ते माझ्यावर सोडा. सोमवारी मी ठेवणीतलं लुगडं नेसले, कुंकवाची कोयरी घेतली आणि लग्नाचं आमंत्रण द्यावं तशी दारोदार हिंडले. प्रत्येक घरी बाईला कुंकू लावायचं, हातावर अक्षता द्यायच्या आणि म्हणायचं, रविवारी पाच वाजता क्लबात यायचं, आमचे हे वाजवणार आहेत. नरसम्माबाई भारी. म्हणाल्या, "हे म्हंजे कोन अम्मा? नाव सांगा की, न्हायतर येनार न्हाय." उखाणा घ्यायला लावला या वयात. मी घेतला. तुमच्यासाठी तेही केलं. ज्याच्या घरी अक्षत गेली तो माणूस नाही म्हणत नाही, हे मला ठाऊक होतं. सगळे म्हणाले, येतो की.

मंगळवारी संध्याकाळी तुमच्या अंगात वारं भरलं होतं. पेटी काढली, मी समोर बसले. रविवारी वाजवायचं ते सगळं ओळीनं वाजवायला घेतलंत. मध्येच म्हणालात, "आता बघ, पहिल्यांदा कुणीतरी ऐकेल." पहिल्यांदा! माझा हात तिथंच थांबला. भाता सोडला मी. चाल मध्येच तुटली. मी म्हटलं, आणि मी कोण? इतकी वर्षं समोर बसले ती कोण? तुम्ही हसलात. "अगं, तू भाता. तू तर पेटीतच आलीस." मला काही ते हसण्यावारी नेता आलं नाही. मी उठून स्वयंपाकघरात गेले. मागून पेटीचं झाकण लावल्याचा आवाज आला.  सकाळी डबा देताना तुम्ही दारात घोटाळलात. काहीतरी सांगायचं होतं तुम्हाला. चपला घातल्यात, परत वळलात, मग म्हणालात, "संध्याकाळी बोलू."

बोला ना. किती संध्याकाळी झाल्या!

रविवार उजाडला. कार्यक्रम नाही हे कुणाला वेगळं कळवायचं कारण नव्हतं. पण माणसांनी ती संध्याकाळ आपल्यासाठी मोकळी ठेवलीच होती. पाच वाजता सगळी आली. क्लबात यायची ती घरी आली. धुतलेल्या कपड्यांत, पोरांना घरी ठेवून. ज्या बायकांना मी सोमवारी कुंकू लावलं होतं त्या माझ्या मोकळ्या कपाळाकडं बघून रडायला लागल्या. सतरंजी पुरेना, माणसं ओट्यावर, पायऱ्यांवर बसली. मौलाभाई टांगा सोडून दाराशी उभे. सेक्रेटरीसुद्धा आले. कुणी बोलत नव्हतं, खोकतसुद्धा नव्हतं. अहो, भरलेलं घर, सगळी परकी माणसं, आणि सगळी गप्प! तुम्ही जन्मभर मागत होता ते हेच. तुम्ही तेवढे नव्हता.

मग होटगीचे थोरले भाऊजी कुणाला तरी सांगू लागले, लई छान वाजवायचा म्हनत्यात, मी बी भाऊ असून कधी ऐकलं न्हाय. आणि मौलाभाई म्हणाले, "सुनना रह गया की."

मी उठले. कपाटाखालची पेटी ओढून काढली. भाऊजी म्हणाले, "विमल, काय करतीयास? सुतक हाय घरात." मी ऐकलं नाही. पेटी सगळ्यांच्या मध्ये ठेवली आणि माझ्या नेहमीच्या जागी बसले. समोरची तुमची जागा मोकळी. झाकण काढलं. पट्ट्यांची बाजू त्यांच्याकडं होती, मला काही दिसत नव्हतं. मला एवढंच करायचं होतं की भाता मारावा, पेटीतून नुसता वारा निघावा, आणि या सगळ्यांना कळावं की काय राहिलं. मी मुकी पेटी ऐकवणार होते त्यांना.

भाता ओढला, सोडला. आणि सूर आला.

अहो, सूर आला! भरलेला, सरळ, न थरथरणारा. बायका दचकल्या.  समोर बसलेल्या नरसम्माबाई बोट दाखवून म्हणाल्या, "वैनी, ती पट्टी खाली हाय." मंगळवारी मी हात सोडला तेव्हा तुमचं बोट ज्या पट्टीवर होतं, ती पट्टी. तुम्ही तिला नखानं उचललं नव्हतं. तसंच झाकण लावलं होतंत. माझ्या रागानं अर्धा तुटलेला तुमचा सूर पेटीत तसाच दाबून राहिला होता, तुम्ही गेलात तरी.

मी भाता मारत राहिले. कुणी हललं नाही. भाऊजींनी एकदा म्हटलं, "बास कर पोरी," पण पुढं येऊन पेटी काही बंद केली नाही. मौलाभाईंनी डोक्यावरची टोपी नीट केली आणि खाली बसले. सेक्रेटरी भिंतीला टेकून डोळे मिटून होते. सगळे ऐकत होते, तुमचंच. हात भरून आला, मी दुसऱ्या हातानं मारायला लागले. थांबले तर तो सूर मरणार होता आणि तुम्ही आणखी एकदा जाणार होता, मी कशी थांबणार? शेवटी नरसम्माबाईंनी येऊन माझा हात धरला.

आज मंगळवार आहे. कालपासून माणसं जरा कमी झालीत. भाऊजी म्हणतात, पेटी आबांच्या भजनीमंडळाला देऊन टाक, घरात ठेवून काय करणार, आधी ती पट्टी तेवढी दुरुस्त करून घे. मी कुणाला तिला हात लावू देणार नाही. दिवेलागणीला मी माझ्या जागेवर बसते आणि भाता मारते. पियानो जातोय त्या क्लबातून, जाऊ दे. तुमचा हा एक सूर मी धरलाय, हातात जोर आहे तोवर धरीन. समोर दुसरं कुणी नसतं. मी एकटी ऐकते.

एवढं तरी धराल ना आता?